अटकेतल्या माणसाचं 'मेडिकल' लिहिताना: बिनायक सेन खटला आणि एका तरुण डॉक्टरचा प्रश्न

डॉक्टर, तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही गडचिरोलीतल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बंधपत्राची सेवा करता आहात. मागच्या महिन्यात अटकेतल्या एका मुलाला 'मेडिकल'साठी तुमच्याकडे आणलं. त्याच्या पाठीवर वळ होते, तळपाय सुजलेले होते. सोबत आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, नॉर्मल लिहून द्या, पुढं कोर्टात जायचंय." तुम्ही दोन ओळी लिहिल्या, वळांचं वर्णन मात्र केलं नाही. तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. आता नागपूरहून एक सत्यशोधन समिती येते आहे आणि तुम्हीही सोबत या असं ते म्हणताहेत. घरी बाबांनी एकच वाक्य सांगितलं: "बिनायक सेनांना जन्मठेप झाली होती, विसरू नकोस." मानवाधिकाराचं काम केलं की डॉक्टरवर खटला होतोच का, आणि तुम्ही समितीसोबत जावं का, हे तुम्हाला हवं आहे.

मी एकतीस वर्षं आदिवासी भागात दवाखाना चालवतो. त्यातली पहिली सहा वर्षं सरकारी नोकरीत गेली. गेली वीस वर्षं नागरी हक्कांच्या कामातही आहे. मी वकील नाही. कायद्याबद्दल खाली जे लिहितो ते वकील मित्रांकडून आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शिकलेलं आहे, तेवढंच त्याचं वजन धरा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, असं मला वाटतं. एक, अंगावर दिसलेली जखम कागदावर लिहायची का. दुसरा, समितीसोबत गावात जायचं का. बाबांना भीती दुसऱ्याची वाटते आहे, पण तुमची झोप पहिल्यानं उडवली आहे. पहिल्याचं उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलं आहे, त्यात तुमच्या धाडसाचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्याचं उत्तर तुमची नोकरी, तुमचं घर, तुमच्यासोबत कोण उभं राहणार, यावर अवलंबून आहे आणि ते मी इथं बसून देऊ शकत नाही. त्या निर्णयासाठी काय बघायचं, ते सांगू शकतो.

बाबांनी सेनांचं नाव घेतलं, तर तो खटला नीट समजून घेऊ. 'डॉक्टरनं गरिबांची सेवा केली म्हणून जन्मठेप झाली' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं आहे. त्यातून भीती मिळते, उपयोगाचं काही हाती लागत नाही.

बिनायक सेन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, बालरोगतज्ज्ञ. काही काळ दिल्लीत जेएनयूत शिकवलं, मग होशंगाबादजवळ रसुलियाला क्षयरोगाचं काम केलं. तिथून ते दल्ली राजहराला गेले. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं हे खाणींचं गाव. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालच्या खाणकामगारांच्या संघटनेनं १९७७ च्या पोलीस गोळीबारात मेलेल्या साथींच्या आठवणीत स्वतःच्या वर्गणीनं आणि श्रमानं दवाखाना उभा केला. तो १९८३ मध्ये सुरू झाला आणि त्याचं नाव शहीद हॉस्पिटल. तो उभारण्यात सेन होते. पुढं पत्नी इलिना सेन यांच्यासोबत त्यांनी 'रूपांतर' ही संस्था काढली आणि धमतरी जिल्ह्यातल्या बगरुमनाल्यात दवाखाना चालवला. तुमच्या हाताखालच्या आशाताईंची योजना देशभर यायच्या आधी छत्तीसगडनं 'मितानिन' सुरू केली होती. जन्मभराची मैत्री जोडण्याची छत्तीसगडी रीत आहे, तिच्यातला हा शब्द. त्या योजनेच्या आखणीत राज्य सरकारनंच सेनांचा सल्ला घेतला होता. आमच्या पिढीतले अनेक जण मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाच्या सेवाग्रामच्या बैठकांमध्ये त्यांच्या कामाबद्दल ऐकत घडले. इलिनाताई पुढं वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात प्राध्यापक झाल्या, त्यामुळं हे घर आम्हा विदर्भातल्या लोकांना कधी परकं वाटलं नाही.

सेनांचं डॉक्टर असणं आणि हक्कांबद्दल बोलणं यांत सांधा कुठं होता, हे त्यांच्याच एका मुद्द्यावरून कळतं. प्रौढ माणसाचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) १८.५ च्या खाली असेल तर तो कुपोषित. एखाद्या समाजात असे लोक ४० टक्क्यांहून जास्त असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार ती अत्यंत गंभीर परिस्थिती. सेन म्हणायचे, आपल्याकडचे कितीतरी आदिवासी समाज याच मापात बसतात, म्हणजे ते कायमच्या दुष्काळात जगताहेत. तुमच्या ओपीडीतल्या बायकांचं वजन-उंची एक आठवडा लिहून बघा, मग ते का बोलले ते कळेल. क्षयाची गोळी देताना समोरच्याच्या घरात धान्य नाही हे दिसतं. धान्य का नाही, हे विचारलं की जमीन येते, जंगल येतं, आणि मग ठाणंही येतं. यातलं डॉक्टरकी कुठं संपते आणि राजकारण कुठं सुरू होतं, ही रेघ मला आजवर सापडलेली नाही.

जून २००५ मध्ये दंतेवाड्यात सलवा जुडूम सुरू झालं, म्हणजे आदिवासींनाच माओवाद्यांविरुद्ध उभं करणारी मोहीम. गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली गेली. सेन तेव्हा पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेचे छत्तीसगडचे सरचिटणीस आणि राष्ट्रीय उपाध्यक्ष होते. त्या वर्षाअखेरीस अनेक संघटनांचं पथक तिथं गेलं, त्यांनी अहवाल काढला आणि हे उत्स्फूर्त आंदोलन नसून त्याला सरकारचा आधार आहे, असं उघड मांडलं. (५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी करून माओवाद्यांविरुद्ध हत्यार देणं घटनाबाह्य ठरवलं. तोपर्यंत सहा वर्षं गेली होती.)

१४ मे २००७ रोजी सेनांना बिलासपूरला अटक झाली. त्याआधी ते बंगालमध्ये आईकडं गेले असताना ते फरार असल्याच्या बातम्या आल्या होत्या. ते स्वतःहून परत आले आणि पकडले गेले.

आता मुख्य मुद्दा. खटला उभा राहिला तो कशावर? सेनांनी रुग्ण तपासले म्हणून नाही, आणि कागदोपत्री बघितलं तर अहवाल लिहिला म्हणूनही नाही. रायपूरच्या तुरुंगात नारायण सान्याल नावाचे वृद्ध माओवादी नेते होते. सेन त्यांना ३३ वेळा भेटले. सान्याल आजारी होते, त्यांच्या हातावर शस्त्रक्रिया व्हायची होती, त्यांच्या घरच्यांनी मदत मागितली होती. सेनांनी सान्यालांची पत्रं बाहेर नेऊन कोलकात्याचे व्यावसायिक पीयूष गुहा यांना दिली, असा आरोप झाला. भेटी नाकारायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या लपूनछपून झाल्याच नव्हत्या. प्रत्येक भेटीसाठी अर्ज होता, परवानगी होती, तुरुंगाच्या रजिस्टरात नोंद होती, आणि भेटी तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांसमोर झाल्या होत्या. घरझडतीत सान्यालांचं एक पोस्टकार्ड मिळालं, त्यावर तुरुंगाचा शिक्का होता.

म्हणजे नेहमीची डॉक्टरी आणि नेहमीचं हक्कांचं काम, तेच उलटं करून पुरावा म्हणून मांडलं गेलं. सुनावणीत तर इलिनाताईंच्या एका ईमेलमधल्या 'आयएसआय'चा संबंध पाकिस्तानच्या गुप्तहेर संस्थेशी जोडायचा प्रयत्न झाला. ती दिल्लीची इंडियन सोशल इन्स्टिट्यूट होती. तरीही २४ डिसेंबर २०१० रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयानं सेन, सान्याल आणि गुहा या तिघांना राजद्रोह आणि कटाच्या कलमांखाली जन्मठेप दिली. कलम १२४ अ. याच कलमाखाली टिळकांवर १८९७ मध्ये आणि १९०८ मध्ये खटले चालले, मंडाले झालं. मराठी घरात हे कलम माहीत नाही असं होत नाही, पण ते डॉक्टरवर लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

सेनांना पहिला जामीन मिळायला दोन वर्षं लागली. २००८ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय आरोग्य क्षेत्रातला जोनाथन मान पुरस्कार जाहीर झाला. तो घ्यायला जाता यावं म्हणून २२ नोबेल विजेत्यांनी सरकारला पत्र लिहिलं. तरी ते तुरुंगातच राहिले. सर्वोच्च न्यायालयानं २५ मे २००९ रोजी जामीन दिला. शिक्षेनंतर पुन्हा तुरुंग, उच्च न्यायालयात जामीन नाही, आणि १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्यांदा सोडलं. त्या दिवशी न्यायमूर्तींनी मांडलेल्या मुद्द्याचा मथितार्थ असा: माणूस सहानुभूतीदार असेल, त्यामुळं तो राजद्रोही ठरत नाही, घरात गांधींचं आत्मचरित्र सापडलं म्हणून कुणी गांधीवादी होतो का? पुढच्याच महिन्यात नियोजन आयोगानं आरोग्यविषयक समितीत त्यांना सदस्य म्हणून घेतलं. ज्याला एका न्यायालयानं जन्मठेप दिली, त्याचाच सल्ला देशाच्या आरोग्यासाठी मागितला गेला.

यातून मी काय घेतलं? लेखी नोंदी असूनही खटला झाला आणि शिक्षाही झाली. 'कागद चोख ठेवा, काही होणार नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण त्या नोंदी होत्या म्हणूनच शेवटी सर्वोच्च न्यायालयासमोर बचावाला ठोस काही धरता आलं. नोंद खटला थांबवत नाही, खटल्यात उभं राहायला जमीन देते. माझ्या सगळ्या सल्ल्याच्या मुळाशी एवढंच आहे.

आणखी एक गोष्ट बाबांपासून लपवू नका. आजचा कायदा सेनांच्या वेळेपेक्षा कडक आहे. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात जामीन अवघड करणारी ४३ ड (५) ही तरतूद डिसेंबर २००८ मध्ये आली, म्हणजे सेनांच्या अटकेनंतर. राजद्रोहाचं जुनं कलम सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये थांबवलं, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ लागू आहे आणि त्याचे शब्द काही कमी व्यापक नाहीत. सेनांवर जो छत्तीसगडचा विशेष जनसुरक्षा कायदा लावला होता, त्याच नावाचं आणि त्याच वळणाचं विधेयक आपल्या विधिमंडळानंही जुलै २०२५ मध्ये मंजूर केलं. त्यातली 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या एकदा वकिलासोबत बसून वाचाच. उलट बाजूला, जुलै २०२३ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणातल्या दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, घरात काही साहित्य सापडणं हे दहशतवादी कृत्य होत नाही. आणि २०२४ मध्ये यूएपीएच्या अटकेतही कारणं लेखी देणं बंधनकारक ठरवलं. ही दोन्ही हत्यारं सेनांकडं नव्हती.

आता तुमच्या त्या मुलाकडं येतो.

अटक झालेल्या माणसाची तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली होते. अंगावर जखमा किंवा मारहाणीच्या खुणा असतील तर त्या, आणि त्या साधारण कधी झाल्या असतील ती वेळ, डॉक्टरनं नोंदवायची असते. अहवालाची प्रत त्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला द्यायची असते. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतं. शिवाय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की, डॉक्टरनं छळाला साथ द्यायची नाही आणि दुसऱ्यानं केलेला छळ लपवायलाही मदत करायची नाही. म्हणजे वळ लिहिणं हे मानवाधिकाराचं काम नव्हेच, ते तुमच्या पगाराचं काम आहे. कुणी बोट दाखवलं तर हेच उत्तर: मी कायदा पाळला. 'नॉर्मल' लिहिणाऱ्यावरच पुढं अडचण येऊ शकते, आणि ती मी दोघा-तिघांवर आलेली पाहिली आहे.

कसं लिहायचं, हे मात्र शिकावं लागतं. आधी तपासणी एकांतात. सोबतच्या शिपायाला दाराबाहेर, ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर थांबायला सांगा. पळून जाईल अशी भीती त्यांना असेल तर खिडकीबाहेर उभे राहू देत, पण बोलणं ऐकू येता कामा नये. त्यांनी नकार दिला तर तोही केस पेपरवर लिहा: 'एकांतात तपासणीची विनंती केली, मान्य झाली नाही.' मग रुग्ण काय सांगतो ते त्याच्या शब्दांत. माडिया बोलीत सांगत असेल तर दुभाषा कोण होता तेही. 'पोलिसांनी मारलं' असं तुमचं वाक्य म्हणून लिहू नका, ते तुम्ही पाहिलेलं नाही. 'रुग्ण सांगतो की अमुक दिवशी तळपायांवर काठीनं मारलं' असं लिहा. त्यानंतर तुम्हाला दिसलं ते: कुठं, किती सेंटिमीटर, कोणता आकार, कोणता रंग, दाबल्यावर दुखतं का. काठीच्या वळाला दोन समांतर रेघा आणि मधे फिकट पट्टा असतो, तो असेल तर तसंच लिहा. नुसतं 'वळ' लिहून भागत नाही. शरीराची साधी बाह्याकृती काढून त्यावर खुणा करा. तळपायाच्या माराची सूज उतरते, कधी आठवड्यात काहीच दिसत नाही, म्हणून चालताना लंगडतो का, टाच टेकवतो का, हे लिहायला विसरू नका. रंगावरून जखमेचं वय ठरवायचा मोह टाळा, ते शास्त्र कच्चं आहे, काळ्या कातडीवर तर फारच. 'दोन ते सात दिवस' अशी मोकळी मर्यादा द्या. शेवटी मत. इथं इस्तंबूल प्रोटोकॉलची भाषा फार कामाची आहे. छळाच्या वैद्यकीय नोंदीसाठी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली ही पद्धत, २०२२ मध्ये सुधारली. त्यात डॉक्टर गुन्हेगार ठरवत नाही. सांगितलेली हकीकत आणि दिसणारी खूण जुळते का, आणि किती जुळते, एवढंच तो सांगतो. 'जुळते', 'बरीच जुळते', 'अशा माराची नेहमी दिसणारी खूण' अशा पायऱ्या आहेत. उलटतपासणीत ही भाषा तुम्हाला वाचवते, कारण तुम्ही कुठंही माहितीच्या पलीकडं गेलेला नसता.

सरकारी नोकरीत असतानाची गोष्ट सांगतो. एकोणीस वर्षांचा एक पोरगा माझ्याकडं असाच आला होता. मी बाहेर थांबायला सांगितलं, अर्धा तास घेतला आणि पानभर लिहिलं. माझे वरिष्ठ चिडले, म्हणाले, "तुला इथं राहायचंय की नाही?" दोन वर्षांनी साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "डॉक्टर, हा माणूस झाडावरून पडला असेल असं नाही का?" मी म्हणालो, पडला असेल, पण झाडावरून पडून दोन्ही तळपायांच्या मधोमध आडवे पट्टे येत नाहीत. एवढंच. मुलगा सुटला की नाही ते मला पुढं कळलं नाही, कारण माझी बदली झाली. पण माझ्यावर काहीही आलं नाही, आणि ते पानभर लिखाण होतं म्हणूनच आलं नाही असं मी आजही मानतो. त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर पिंजऱ्यात बोलायला माझ्याकडं काही नसतं.

आता माझ्या चुकीचीही गोष्ट. २००७ मध्ये सेनांना अटक झाली, तेव्हा मी दर महिन्याला जिल्ह्याच्या तुरुंगात काही कैद्यांना भेटायला जात होतो. अटकेची बातमी वाचली आणि मी जाणं थांबवलं. सहा महिने गेलो नाही. घरी लहान मुलं होती, कारणं बरीच होती, सगळी खरी होती. त्या कैद्यांत क्षयाचा एक रुग्ण होता. मी जायचो तोवर त्याच्या गोळ्या चालू आहेत ना, हे बघायचो. मी परत गेलो तेव्हा त्याचं वजन आठ किलोनं कमी झालं होतं आणि औषध दोन महिन्यांपासून बंद होतं. त्याची आई बाहेर भेटली. ती काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. सेनांवरचा खटला फक्त सेनांवर नव्हता, हे मला तेव्हा कळलं. एका डॉक्टरला आत टाकलं की शंभर डॉक्टर तुरुंगाच्या दारातून मागं फिरतात, आणि आतला माणूस औषधाविना राहतो. त्यानंतर मी जाणं थांबवलं नाही. पद्धत बदलली. एकटा जात नाही. प्रत्येक भेटीचा अर्ज दोन प्रतींत, आवक शिक्का घेऊन. आतून कुणाची चिठ्ठी, निरोप, वस्तू, काहीही बाहेर आणत नाही, अगदी आईसाठीचं पत्रही नाही. तो तुरुंगाच्या टपालानं पाठवेल. हे सांगताना कठोर वाटतं, पण सेनांचा खटला नेमका इथंच उभा केला गेला होता.

तुमच्या भागात आणखी एक प्रश्न आज ना उद्या येणारच, म्हणून सांगतो. रात्री कुणी गोळी लागलेला माणूस आणला तर? उपचार करा. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, आधी जीव, मग कागद. त्याचा गणवेश कोणता, हे सुईला कळत नाही. पण कागद टाळायचा नाही: एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करा, वेळ लिहा, ठाण्याला लगेच लेखी कळवा, पोच घ्या. कायद्यातल्या 'आश्रय देणं' या व्याख्येत निवारा, अन्न, पैसा, कपडे, वाहन अशी यादी आहे. उपचार त्या यादीत नाही. वाहन आहे. शिवाय पकडलं जाणं टाळायला कोणत्याही मार्गानं मदत करणं हेही त्यात येतं. म्हणून दवाखान्यात उपचार करणं आणि स्वतःच्या गाडीतून कुठं तरी पोचवून देणं, यांत कायद्याच्या लेखी फार अंतर आहे. आणि जंगलात बोलावणं आलं तर, 'इथं आणा, इथं मी कुणालाही तपासते' हे एकच उत्तर ठेवा, दोन्ही बाजूंसाठी.

समितीचं. तुम्ही सरकारी सेवेत आहात, बंधपत्रावर असलात तरी. वर्तणूक नियम लागू आहेत. परवानगीशिवाय पत्रकारांशी बोलणं, अहवालावर सही करणं, यातून खटला राहू द्या, साधी विभागीय चौकशी लागू शकते. त्यामुळं माझं मत विचाराल तर या वेळी समितीसोबत गावात जाऊ नका. याचा अर्थ गप्प बसा असा नाही. समितीनं तुमच्या अधिकाऱ्याकडं लेखी माहिती मागावी, तुम्ही नोंदवहीतलं जे देता येतं ते वरिष्ठांमार्फत लेखी द्यावं. रुग्णाचं नाव त्याच्या संमतीशिवाय कुणालाही नाही, समितीलाही नाही. बंधपत्र संपल्यावर तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा, पण डॉक्टर म्हणून तिघं-चौघं जा, सोबत वकील असू द्या, आणि कोण बोलावतंय, पैसा कुठून येतोय हे आधी विचारा. हे माझं मत आहे. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी नोकरीत असतानाच सही केली, बदली सोसली आणि त्यांना पश्चात्ताप नाही. त्यांच्यामागं नोकरी करणारा नवरा होता, वकील भाऊ होता. तुमच्यामागं कोण आहे, ते तुम्हालाच माहीत.

आणखी एक लहान गोष्ट, पण महत्त्वाची. दल्ली राजहराच्या त्याच शहीद हॉस्पिटलात दशकानुदशकं काम करणारे डॉ. शैबाल जाना यांना मार्च २०१६ मध्ये भिलाईच्या १९९२ च्या एका प्रकरणात अटक झाली. कागदावर ते फरार होते आणि प्रत्यक्षात रोज ओपीडीत बसत होते. म्हणून तुमच्या नावावर कुठं काही गुन्हा, समन्स, साक्षीचं बोलावणं आहे का, हे वर्षातून एकदा वकिलाकरवी बघत जा. पत्ता बदलला की लेखी कळवा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

थोडक्यात, जखम लिहिणं तुमचं कर्तव्य आहे, त्यात सूट नाही. उपचार सगळ्यांना, कागदासह. समिती पुढं केव्हा तरी, विचार करून.

राहिला तो मुलगा. जुन्या अहवालात हात घालू नका, एक अक्षरही खोडू किंवा वाढवू नका, त्यातून तुम्हीच अडकाल. आजच्या तारखेचं वेगळं पत्र लिहा: त्या दिवशी तपासणीत अमुक खुणा दिसल्या होत्या, वर्णन अपुरं राहिलं, आठवतंय ते असं. जे पक्कं आठवत नाही ते लिहू नका. पत्र तुमच्या वरिष्ठांमार्फत संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांना द्या, प्रत स्वतःकडं ठेवा. पाठवण्यापूर्वी वकिलाला दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो आणि तिथं जायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि लक्षात ठेवा, तो मुलगा न्यायालयीन कोठडीत गेला असेल तर तुरुंगात घेताना तिथल्या डॉक्टरनं त्याला पुन्हा तपासलेलं असतं. त्यानं वळ लिहिले असतील तर तुमचा कागद आणि त्याचा कागद एकत्र बघता येतील. त्या मुलाच्या वकिलाला हे सुचलं नसेल. ते त्याच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करा. विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाला सांगितलं की पुरे. हे या आठवड्यातच करा. तळपायांवर एव्हाना काही उरलं नसेल, कागदच उरेल.